वासाचा रकाना

पाणी तपासणीच्या आमच्या छापील अर्जावर एकोणीस रकाने आहेत. अठरा रकाने यंत्रं, काचनळ्या आणि केमिस्टसाहेब मिळून भरतात. तिसरा रकाना वासाचा, तो मी भरायचे. त्यासमोर एकच शब्द लिहायचा असतो, 'आहे' किंवा 'नाही', आणि पुढे सही.

मी इथे आले ती बाटल्या विसळायला. शिक्षण म्हणाल, तर शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर माहेरी अजून एकमत नाही. एके दिवशी विसळता विसळता सहज म्हटलं, "ह्या पाण्याच्या टाकीत पाल मेलीय." कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी टाकी उपसली तर पाल निघाली. तेव्हापासून मी 'नाक' झाले. नमुने गोळा करून आणणारा एक जण आहे, त्याला आम्ही 'क्रेट' म्हणतो, कारण बाटल्यांच्या क्रेटशिवाय त्याला कुणी पाहिलेलंच नाही. तो गाडीतून उतरतानाच हाक मारायचा, "नाक आहे का जागेवर?" मी म्हणायचे, "आहे. तुझे मोजे तुझ्या आधी पोचले." असं आमचं चालायचं. आधीच्या साहेबांनी तर वासापुढे माझी सही ग्राह्य धरावी असा कागदच काढला. बाकीचं मी बघून बघून शिकले. थेंब कसा सोडायचा, रंग कुठे थांबवायचा. मुखपृष्ठ फाटलेलं रसायनशास्त्राचं एक पुस्तक रद्दीतून उचललं आणि पाच-सहा वेळा वाचलं. पहिल्या दोन वेळांत काही कळलं नाही, ते सोडून द्या.

मग दोन वर्षांपूर्वी ताप आला. चार दिवसांत उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला.

आधी वाटलं सर्दी असेल. महिना गेला, सहा महिने गेले. दूध नासलंय हे चहा फाटल्यावर कळायला लागलं, आणि भाजी करपलीय हे धूर दिसल्यावर. कपाटात नवऱ्याचा लोकरीचा कोट आहे. तो गेल्यापासून मी अधूनमधून कॉलरमध्ये तोंड खुपसून उभी राहायचे. तंबाखू, केसांचं तेल आणि थोडासा तो. तापानंतर एकदा अशीच उभी राहिले, तर नुसती लोकर टोचली. कपाट लावून घेतलं. मुलगी दूर असते, फोनवर विचारते, "कशी आहेस?" मी म्हणते, "बरी आहे." फोनवर नाकाची चौकशी कोण करतं?

ऑफिसात काही बोलले नाही. नाक गेलेल्या नाकाचं पुढे काय होतं ते सांगायला ज्योतिषी नको होता. परत बाटल्या.

पण रकाना तर भरायचा होता. इथे ते फाटकं पुस्तक कामी आलं. वायू आणि पाणी यांचं नातं मला सोयऱ्याधायऱ्यांसारखंच समजतं, त्याला इलाज नाही. ऑक्सिजन म्हणजे मानी व्याही. उंबऱ्यावरूनच परत फिरणार, लिटरभर पाण्यात तीसेक मिलिलिटर शिरला तरी आपल्यावर उपकार. कार्बन डायऑक्साइड जरा माणसाळलेला, लिटरात जवळजवळ लिटर मावतो. गंधक जळल्यावर निघणारा सल्फर डायऑक्साइड चाळीसेक लिटर घुसतो आणि घुसला की घर आंबट करून ठेवतो. अमोनियाचं तर विचारूच नका, लिटरात सातशे लिटर. बिनबोलावता येऊन खोल्या अडवून बसणारी नणंद असते तशी. मला दोन होत्या. आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, हा भाडेकरू. लिटरात अडीच लिटर, मध्यम बिऱ्हाड. पाणी थंड, शांत, झाकलेलं असलं की गुमान राहतो. पाणी तापलं, हललं, वर थोडी मोकळी हवा मिळाली, की चंबूगबाळं उचलून चालता होतो.

त्याला पकडायला नाकच लागतं असं नाही. शिशाच्या क्षारात भिजवून वाळवलेला पांढरा कागद असतो. पाण्यात आम्लाचे दोन थेंब टाकले की दडून बसलेला सल्फाइड बाहेर येतो आणि कागद तपकिरी करतो. मी कागदाची पट्टी मुठीत धरून फ्लास्क नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे, आणि मग हळूच मूठ उघडून बघायचे. क्लोरीनचं कळायला त्याचा वेगळा रकाना होताच. उरलेल्या वासांसाठी क्रेटचं तोंड होतं. बाटल्या उतरवताना तो नाक मुरडतो का, तेवढं बघायचं. अशी दोन वर्षं काढली. झोप धड लागत नव्हती, सह्या मात्र झोकात होत होत्या.

त्यातच ग्रंथपालबाईंची तक्रार आली. बाई निवृत्त, वय चौऱ्याहत्तर, एकट्या राहणाऱ्या. तक्रारवहीत कुणीतरी एका ओळीत उतरवलं होतं, 'नळाच्या पाण्याला सडका वास.' क्रेट गेला, स्वयंपाकघराचा नळ दोन मिनिटं वाहू दिला, बाटली गळ्यापर्यंत भरली, वर दोन बोटं जागा सोडली, घेऊन आला. कागद पांढरा. मी लिहिलं, 'नाही'. महिन्याने पुन्हा तक्रार, पुन्हा क्रेट, पुन्हा 'नाही'.

तिसरा अर्ज त्यांचा मुलगा स्वतः घेऊन आला. पन्नाशीचा, नीट भांग पाडलेला, डोळ्यांखाली सुजलेला माणूस. दुसऱ्या शहरातून सकाळच्या गाडीने आला होता.

"हा शेवटचा," तो खिडकीतून म्हणाला. "गुरुवारपर्यंत मिळेल ना? डॉक्टरांना दाखवायचाय."

"पाण्याचा अहवाल डॉक्टरांना कशाला?"

"नसलेले वास येणं हे डोक्याच्या आजाराचं लक्षण असू शकतं म्हणाले. आई वही ठेवते हो. रोजची तारीख, वेळ, वास आला, वास नाही आला. सात महिन्यांची वही. डॉक्टरांनी पानं चाळली आणि माझ्याकडे बघितलं." त्याने अर्जाची घडी सरळ केली. "एक तारखेपासून एका वृद्धाश्रमात जागा धरलीय. चांगली आहे. बाग वगैरे आहे."

"बाई तयार आहेत?"

"ती म्हणते, पाण्याला वास आहे हे आधी कबूल करा, मग कुठेही न्या." तो हसायला गेला, जमलं नाही. "मी दर महिन्याला येतो. नळ सोडून बघतो. मला येत नाही, तुम्हाला येत नाही. मग तिला एकटीलाच कसा येतो?"

याचं उत्तर माझ्यापाशी होतं, पण ते खिडकीतून देण्यासारखं नव्हतं. तुम्हाला येत नाही यातल्या 'तुम्हाला'ला पाण्यातला काय, जगातला कुठलाच वास येत नव्हता. पट्टी पांढरी राहिली खरी, पण कागदाच्या हाती लागणार नाही इतका थोडा वास माणसाच्या नाकाला येतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

केमिस्टसाहेब म्हणाले, "पाठवा क्रेटला."

"मी जाते."

"तुम्ही कशाला, ताई?"

"दोनदा इथे बसून लिहिलं. तिसऱ्यांदा तिथे जाऊन लिहिते."

बाईंचं घर दोन खोल्यांचं, तळमजल्यावर. पुस्तकं होती, पण वाटली होती त्याहून कमी. "डोळ्यांनी दगा दिला तशी देऊन टाकली," त्या म्हणाल्या. स्वयंपाकघरातल्या नळाकडे वळले तर त्यांनी मला हाताने थांबवलं.

"तिथे नाही. त्या तुमच्या माणसालाही दोनदा सांगितलं. तो म्हणाला, नियम थंड नळाचा आहे. वास आंघोळीच्या पाण्याला येतो. गरम नळाला, सकाळी सगळ्यात आधी."

मी जागच्या जागी उभी राहिले. थंड नळ, दोन मिनिटं वाहू द्यायचा, बाटलीत वर जागा सोडायची, हे क्रेटला शिकवलं कुणी? मीच. जंतूंच्या तपासणीला ते बरोबर असतं. बाटली हलवायला जागा लागते आणि गरम पाणी आमच्या अखत्यारीत येत नाही. पण भाडेकरूला पकडायला निघालेल्या माणसाने दार सताड उघडं ठेवावं, तशातली गत. मुलगा दर महिन्याला येतो म्हणाला होता, तेही आठवलं.

"मुलगा इथे आंघोळ करत नाही?"

"सकाळच्या गाडीने येतो, संध्याकाळच्या गाडीने जातो. या घरात आंघोळ करून त्याला अकरा वर्षं झाली." तारीखही सांगतील असं वाटलं, पण नाही सांगितली.

न्हाणीघर एवढंसं. भिंतीवर जुना गीझर. बाईंनी आधी फोन करून मला मुद्दाम सकाळी बोलावलं होतं आणि मी येईपर्यंत गरम नळाला हातही लावला नव्हता. त्यांनी गरम नळ सोडला. वाफ वर आली. बाईंनी लगेच रुमाल नाकाला लावला आणि दोन पावलं मागे सरकल्या. मी तशीच वाफेत तोंड घालून उभी. ऊबदार, ओलं, आणि बाकी काहीच नाही.

"येतोय?" त्यांनी रुमालातून विचारलं.

"थोडा," मी म्हटलं.

त्यांनी रुमाल खाली घेतला. नळ बंद केला. मला बाहेर नेऊन खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, थंड नळाचं.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"नाक जाऊन."

दोन वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच ऐकला. पाण्याचा पेला हातात धरून मी सगळं सांगितलं, ताप, पट्ट्या, क्रेटचं तोंड, कोटसुद्धा. कोटाचं सांगायचं काही कारण नव्हतं.

"कुणाला सांगितलंस?" त्या एव्हाना अगंतुगंवर आल्या होत्या.

"नाही कुणाला."

"शहाणी आहेस. मी सांगितलं, बघ माझं काय झालं."

आम्ही दोघी हसलो. मग मी म्हटलं, "बाई, मुलाला सांगा ना. ज्या बाईने 'नाही' लिहिलंय तिला वासच येत नाही, म्हणावं. अहवाल तिथल्या तिथे फाटेल."

"आणि तुझी नोकरी?"

मी पेला खाली ठेवला.

"एकीला घरात ठेवायला दुसरीला घरी बसवायचं? मला नको." त्या उठल्या. "तुझ्या त्या बाटल्यांनी काही होतंय का बघ."

न्हाणीघराच्या फळीवर चांदीची अंगठी होती, काळीठिक्कर पडलेली. आंघोळीच्या वेळी बाई ती तिथे काढून ठेवत. "अंगात उष्णता वाढली की चांदी काळवंडते म्हणतात," त्या म्हणाल्या. उष्णता कसली. सल्फाइडने धरली होती. सात महिने ती अंगठी सांगत होती, तिला विचारायला कुणी आलं नव्हतं.

मग मी शिकले होते तसं सगळं केलं. बाटलीच्या तळाशी जस्ताच्या क्षाराचे थेंब टाकले. जस्त सल्फाइडला पाण्यातच धरून ठेवतं, पांढरा साका होऊन तो बसून राहतो, मग पळायची सोय नाही. रबरी नळीचं टोक तळाला टेकवलं, गरम पाणी सावकाश सोडलं, काठोकाठ भरलं आणि बूच असं लावलं की आत एक बुडबुडाही राहू नये. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या, पुस्तक परत घेऊन आलेल्या वाचकाकडे बघावं तशा.

प्रयोगशाळेत आयोडीन घालून मोजलं. थंड पाण्यात शून्य. गरम पाण्यात लिटरला एक पूर्णांक चार मिलिग्रॅम. एवढ्याने माणूस मरत नाही, पण जिवंत नाकाला उभं राहवणार नाही. गीझरमध्ये मॅग्नेशियमची एक दांडी असते, टाकी गंजू नये म्हणून. ती आणि पाण्यातले काही जंतू मिळून पाण्यातल्या साध्या सल्फेटचा सल्फाइड करतात. रात्रभर बंद टाकीत तो साठतो, आणि सकाळी नळ सोडला की तापलेल्या पाण्यात त्याला थारा राहत नाही.

केमिस्टसाहेबांनी आकडा बघितला. तरुण आहेत, वाईट नाहीत. "ताई, काम सुंदर झालंय. पण मीटरपर्यंतचं पाणी आपलं, पुढचं ज्याचं त्याचं. गीझरचा आकडा मी अहवालात कसा घालू?"

"मग काहीच नाही लिहायचं?"

त्यांनी अर्ज उलटसुलट केला. "एक होऊ शकतं. वासाच्या रकान्यात 'प्रत्यक्ष भेटीत वास आढळला' असं लिहिता येतं. त्याला आकडा लागत नाही, तुमची सही पुरते. तुम्हाला आला ना?"

"लिहिते मी," मी म्हटलं.

खोट्या नाकाने खरी गोष्ट लिहायची, एवढंच तर होतं. दोन वर्षं याहून वाईट केलं होतं. पेन उघडलं, लिहिलं, सहीची जागा रिकामी ठेवली. शाई वाळेपर्यंत थांबावं म्हणून, असं स्वतःला सांगितलं.

गुरुवारी मुलगा आला. मी कागद पुढे केला. त्याने एकदा वाचला, मग माझ्याकडे बघितलं.

"दोनदा नाही, आणि तिसऱ्यांदा आहे?"

"पहिल्या दोन वेळा चुकीच्या नळाचं पाणी घेतलं. आमची चूक."

"तुम्ही घरी गेला होतात. आईने सांगितलं मला, दोन तास बसलात म्हणून." त्याचा आवाज चढला नाही, उलट दमल्यासारखा खाली गेला. "तिने गळ घातली असेल. मी समजू शकतो. पण मला आता कुणाच्या सांगण्यावर जायचं नाहीये. खरं काय ते हवंय. तुम्हाला स्वतःला आला वास?"

मागे साहेब यंत्रापाशी होते. क्रेट दारात उभा होता, हातात क्रेट. हो म्हणायला किती लागतं? पण तो विश्वास ठेवणार नव्हता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. एका एकट्या बाईने दुसरीची बाजू घेतली, एवढंच त्यातून त्याला कळलं असतं, आणि एक तारखेला बाई बाग वगैरे असलेल्या ठिकाणी गेल्या असत्या.

"नाही आला," मी म्हटलं. "मला कसलाच वास येत नाही. दोन वर्षं झाली."

मागे साहेबांनी यंत्र बंद केलं.

"तुमच्या आईला त्याच दिवशी कळलं होतं. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, कारण माझी नोकरी जाईल. म्हणून माझ्या आहे-नाहीवर जाऊ नका, त्याला काही किंमत नाही. आकडा खरा आहे, त्याला नाक लागत नाही, पण तो आमचे साहेब छापू शकत नाहीत." मी कागद परत ओढून घेतला. "तुमचं नाक धड आहे ना? मग आज संध्याकाळच्या गाडीने जाऊ नका. आईकडे राहा, आणि सकाळी त्यांच्या आधी उठून आंघोळ करा. गरम पाण्याने."

तो गेला. राहणार की नाही, ते कळलं नाही.

साहेब माझ्याजवळ आले. "ताई, खरंच?"

"हो."

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. जुन्या सगळ्या नमुन्यांच्या याद्या काढाव्या लागतील म्हणाले, जे संशयाचे असतील ते पुन्हा तपासावे लागतील, आणि वर कळवावं लागेल. मग म्हणाले, "तिसरा रकाना उद्यापासून क्रेट भरेल."

"मला सगळ्यालाच वास येतो," क्रेट घाबरून म्हणाला.

शुक्रवारी खिडकी उघडली तेव्हा मुलगा बाहेर उभाच होता. केस ओले, भांग नाही.

"येतो," तो म्हणाला. "नळ सोडल्या सोडल्या. मी दार उघडून बाहेर आलो, तर आई चहा करत होती. तिने वर बघितलंच नाही." त्याने ओल्या केसांतून हात फिरवला. "मी तिला काय म्हणू आता?"

"काही म्हणू नका. गीझरची दांडी बदलून घ्या. मॅग्नेशियमची काढून ॲल्युमिनियमची घाला, आणि टाकी आतून धुऊन घ्या."

त्याने ते फोनवर लिहून घेतलं, दांडीचं नाव दोनदा विचारलं. मग आमच्याच खिडकीत उभं राहून वृद्धाश्रमाला फोन केला. तिकडून बराच वेळ कुणी उचलत नव्हतं. तो धरून राहिला.

माझी चौकशी अजून चालू आहे. नोकरी तूर्त शिल्लक आहे, विसळण्याच्या टेबलावर. मोजायचं काम असलं की साहेब हाक मारतात, कारण हात अजून स्थिर आहे. क्रेट बाटल्या आणतो, उतरवतो, रकान्यात काहीतरी लिहितो. नाक आहे का जागेवर, असं आता विचारत नाही. भला माणूस आहे, म्हणून विचारत नाही. त्याच्या त्या भलेपणाने दुपारी फार शांत वाटतं.

पंधरा दिवसांनी ग्रंथपालबाई आल्या. दांडी बदलली होती, वास गेला होता.

"मुलगा?"

"दर रविवारी येतो म्हणालाय. आंघोळीला. पन्नाशीचा घोडा." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "एक रविवार आला. दुसऱ्या रविवारी फोन आला."

"येईल."

"बघू. मी दुसऱ्याच कामासाठी आलेय. तो आकडा मला लिहून दे."

"त्याला शिक्का नाही मिळणार, बाई."

"नको शिक्का. उद्या मला आणखी कसला वास आला, किंवा कुठे काही ऐकू आलं, तर पुन्हा कुणीतरी डॉक्टर वही चाळणारच. तेव्हा हातात काहीतरी हवं."

जुन्या अर्जाच्या पाठकोऱ्या बाजूवर मी लिहिलं. गरम पाणी, सकाळची वेळ, सल्फाइड, लिटरला एक पूर्णांक चार मिलिग्रॅम. त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि परत दिलं.

"तारीख घाल. आणि सही."

मी तारीख घातली, सही केली. त्यांनी कागदाची चौपदरी घडी करून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली, चेन लावली, ती लागली का ते पुन्हा बघितलं.

बसला अर्धा तास होता. त्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. मला आत चाळीस बाटल्या होत्या. मध्ये काच होती. बस येईपर्यंत मी विसळत होते आणि त्या बसल्या होत्या, आणि मान वर केली की आम्ही एकमेकींना दिसत होतो.